जर-तरची इंग्रजी वाक्यं प्रश्न विचारून कशी शिकवावीत?

प्रश्न असा आला आहे: "मी तालुक्याच्या गावी मराठी माध्यमाच्या शाळेत नववीला इंग्रजी शिकवते. कंडिशनल सेंटेन्सेसचे झिरो, फर्स्ट, सेकंड, थर्ड असे चारही प्रकार तक्ता करून देते. गाळलेल्या जागा मुलं बरोबर भरतात. पण स्वतःच्या मनाने लिहायला सांगितलं की 'इफ इट विल रेन' आणि 'इफ आय हॅड मनी, आय वुड हॅव बॉट अ सायकल' अशी वाक्यं येतात. नियम सांगण्याऐवजी प्रश्न विचारत विचारत मुलांकडून काढून घ्यावं, असं प्रशिक्षणात ऐकलं. पण नेमके कोणते प्रश्न, कोणत्या क्रमाने? आणि साठ मुलांच्या वर्गात हे जमतं का?"

मॅडम, तुम्ही दिलेली दोन चुकीची वाक्यं फार मोलाची आहेत. वरवर दोन्ही टेन्सच्या चुका वाटतात, पण दोन्हींची कारणं निराळी आहेत, आणि म्हणून विचारायचे प्रश्नही निराळे. प्रश्नांतून शिकवणं म्हणजे नुसतं "सांगा बरं, इफनंतर काय येतं?" असं विचारणं नव्हे. तो तक्ताच झाला, फक्त प्रश्नचिन्ह लावलेला. मूल कुठे अडखळतंय हे आपल्याला नेमकं माहीत असेल तर त्याच जागी बोट ठेवणारा प्रश्न सुचतो. म्हणून इंग्रजीच्या आधी थोडा वेळ मराठीकडे बघू.

आपण रोज म्हणतो, "पाऊस पडला तर मॅच होणार नाही." पाऊस अजून पडलेला नाही, पडेलच असंही नाही, तरी क्रियापद "पडला". विज्ञानाच्या तासाला म्हणतो, "लिंबाच्या रसात निळा लिटमस बुडवला तर तो लाल होतो." आई म्हणते, "भूक लागली तर डबा खा." बुडवला, लागली, पडला. अट शक्य कोटीतली असली की मराठी तिथे भूतकाळासारखं दिसणारं रूप ठेवते. ते रूप काळ सांगत नाही, "ही गोष्ट घडली की मग" एवढंच सांगतं. बोलणं नेहमीच्या सत्याबद्दल आहे, पुढच्या शक्यतेबद्दल आहे की ती आज्ञा आहे, हे शेवटच्या क्रियापदावरून कळतं: होतो, होणार नाही, खा.

अट खरी नसली किंवा हुकलेली असली की मराठी "असतं"ची रूपं घेते. व्याकरणाच्या तासाला आपण त्याला संकेतार्थ म्हणतो. "मला पंख असते तर मी उडून गेलो असतो." "तू काल आला असतास तर आपण भेटलो असतो." पहिलं वाक्य आत्ताचं आहे, दुसरं कालचं. पण "उडून गेलो असतो" आणि "भेटलो असतो" यांच्या घडणीत काहीच फरक नाही.

म्हणजे मराठी मूल घरून दोन कप्पे घेऊन येतं. एकात होऊ शकणाऱ्या गोष्टी, दुसऱ्यात नसलेल्या किंवा न झालेल्या. इंग्रजी या दुसऱ्या कप्प्याचे दोन भाग करते: आत्ता नसलेलं वेगळं, तेव्हा न घडलेलं वेगळं. मुलाला खरोखर नवीन शिकायचं आहे ते एवढंच. चार प्रकारांचा तक्ता हे झाकून टाकतो, कारण त्यात चारही रांगा सारख्याच नव्या आणि सारख्याच अवघड दिसतात. माझं स्पष्ट मत असं की झिरो (नेहमीचं सत्य) आणि फर्स्ट (पुढची शक्यता) हे दोन स्वतंत्र धडे म्हणून शिकवूच नयेत. "बुडवला तर लाल होतो" आणि "बुडवला तर लाल होईल" यांत मराठी अट तीच ठेवते आणि इंग्रजीही तीच ठेवते. फरक फक्त पुढच्या तुकड्यात आहे, 'इट टर्न्स रेड' की 'इट विल टर्न रेड', आणि तो मुलांना आधीपासून येतो.

यातून कणा म्हणून दोनच प्रश्न उरतात. हे होऊ शकतं का? आणि आपण कधीबद्दल बोलतोय? बाकी सगळे प्रश्न यांचीच सोपी रूपं आहेत.

पहिला तास शक्य गोष्टींचा. फळ्यावर काही लिहिण्याआधी प्रसंग सांगा, मराठीत, थोडक्यात. शाळा सुटायला उशीर झालाय. गावाकडची शेवटची एसटी साडेपाचची. आता पाच वाजून दहा मिनिटं झालीत आणि स्टँड पंधरा मिनिटांच्या वाटेवर आहे. मग एकच वाक्य लिहा: 'इफ वी मिस द बस, वी विल वॉक होम.' आता विचारा.

"बस चुकली का?" नाही.
"चुकू शकते का?" हो.
"चुकणारच आहे का?" नाही, सांगता येत नाही.
"मग आपण कधीबद्दल बोलतोय?" थोड्या वेळानंतरचं.
"चालत जायचं ठरलंय का?" बस चुकली तरच.

हे सगळे प्रश्न अर्थाचे आहेत, व्याकरणाचा एकही नाही. शिवाय यांची उत्तरं पाठांतरात नाहीत, प्रसंगात आहेत. इंग्रजीत कच्चं असलेलं मूलही इथे बरोबर उत्तर देऊ शकतं, कारण एसटी चुकणं म्हणजे काय हे त्याला आपल्यापेक्षा जास्त माहीत असतं. इंग्रजी शिक्षकांच्या प्रशिक्षणात यांना कन्सेप्ट चेकिंग क्वेश्चन्स म्हणतात. त्यांचा एक साधा दंडक आहे: जो वाक्यप्रकार तपासायचा तोच प्रश्नात वापरायचा नाही. 'व्हॉट विल वी डू इफ वी मिस द बस?' असं विचारलं तर मूल आपलीच शब्दरचना परत देईल आणि आपल्याला वाटेल की त्याला कळलं.

अर्थ पक्का झाला की मगच रूपाकडे वळा. पहिल्या वाक्याखाली अजून दोन लिहा: 'इफ द बस इज लेट, वी विल वेट' आणि 'इफ आय गेट अ सीट, आय विल स्लीप'. विचारा, "तिन्ही वाक्यांत 'विल' शोधा. कोणत्या तुकड्यात आहे?" मुलं बघून सांगतील की इफच्या तुकड्यात तो एकदाही नाही. मग विचारा, "हेच मराठीत म्हणा." "बस चुकली तर चालत जाऊ." "आपण 'चुकेल तर' म्हणालो का?" नाही. "म्हणजे अटीत भविष्यकाळ कोण घालत नाही, इंग्रजी की मराठी?" दोन्ही.

तुमच्या पहिल्या चुकीचा उगम इथे सापडतो. 'इफ इट विल रेन' हे मराठीतून आलेलं नाही, कारण मराठीत आपण सहसा "पडेल तर" म्हणतच नाही. ते आपल्याच आधीच्या धड्यांतून आलंय. "उद्या आलं की विल" असं आपण सहावी-सातवीत पक्कं करून घेतलेलं असतं, आणि मूल प्रामाणिकपणे ते पाळतं. म्हणून या चुकीवर "विल चालत नाही" असं ओरडून सांगण्याचा उपयोग होत नाही. "मराठीत कसं म्हणशील?" हा प्रश्न मात्र लागू पडतो, कारण इथे मातृभाषा मुलाच्या बाजूने उभी राहते.

या टप्प्यावर एखादं चौकस मूल विचारतं, "सर, मराठीत 'चुकली' आहे, मग इंग्रजीत 'मिस्ड' का नाही?" कोणी विचारलं नाही तर तुम्ही विचारा. हा या विषयातला सगळ्यात मोठा प्रश्न आहे. त्याचं उत्तर त्या दिवशी देऊ नका. फळ्याच्या कोपऱ्यात 'इफ वी मिस्ड द बस' एवढंच लिहून चौकट करा आणि सांगा की उद्या बघू. मुलं घरी जाऊन त्यावर विचार करतात, आणि दुसऱ्या दिवशीचा तास त्यांच्याच प्रश्नावर सुरू होतो.

दुसरा तास छत्रीचा. माझ्या मते सगळा विषय या एका तासावर उभा आहे, म्हणून इथे घाई करू नका.

प्रसंग: पाऊस कोसळतोय. मैत्रीण शाळेच्या दारात अडकली आहे, तिला घरी जायचंय. तुम्ही तिला म्हणता, "माझ्याकडे छत्री असती तर तुला दिली असती." फळ्यावर लिहा: 'इफ आय हॅड ॲन अंब्रेला, आय वुड गिव्ह इट टू यू.'

"माझ्याकडे छत्री आहे का?" नाही.
"पाऊस कधी पडतोय?" आत्ता.
"मैत्रीण कुठे आहे?" इथेच, समोर.
"वाक्यात 'हॅड' दिसतंय. मग ही कालची गोष्ट आहे का?"

इथे वर्ग थबकतो. काही मुलं सवयीने "हो" म्हणतात, मग प्रसंग आठवून गप्प होतात. पुढचा प्रश्न विचारा, "काल नाही, तर मग हे 'हॅड' आपल्याला काय सांगतंय?" आणि थांबा. उत्तर बहुधा मराठीतच येतं: "छत्री नाहीये हे." तेच हवं होतं. इंग्रजीत इफच्या पुढचं भूतकाळी रूप इथे वेळ सांगत नाही, वस्तुस्थिती तशी नाही हे सांगतं. हे वाक्य मुलाच्या तोंडून आलं की ते टिकतं.

लगेच कालच्या कोपऱ्याकडे वळा. 'इफ वी मिस्ड द बस, वी वुड वॉक होम.' विचारा, "असं बोलणाऱ्याला बस चुकेल असं वाटतंय का?" मुलं म्हणतात, "फारसं नाही." बरोबर. मराठीतलं "चुकली" शक्य गोष्ट दाखवतं आणि इंग्रजीतलं 'मिस्ड' तीच गोष्ट लांब ढकलतं. दिसायला दोन्ही भूतकाळ, पण कामं उलटी. मराठी मुलांसाठी हा खरा सापळा आहे, आणि बाजारातल्या मार्गदर्शकांत तो मला क्वचितच नीट मांडलेला दिसतो, कारण त्यांतलं व्याकरण मराठी मूल डोळ्यांसमोर ठेवून लिहिलेलं नसतं.

आता दुसरा प्रसंग. पाऊस काल पडला. मैत्रीण भिजत घरी गेली, आज शिंकत वर्गात बसली आहे. तुम्ही तिला म्हणता, "माझ्याकडे छत्री असती तर तुला दिली असती." विचारा, "मराठी वाक्य बदललं का?" नाही, अक्षरशः तेच आहे. "मग काय बदललं?" वेळ. "मैत्रीण अजून पावसात उभी आहे का?" नाही. "आता छत्री देऊन उपयोग आहे का?" नाही, ती भिजून गेली.

"आता काही करता येईल का?" हा माझ्या अनुभवात या विषयातला सर्वांत उपयोगी प्रश्न आहे. उत्तर "वेळ गेली" असं आलं की मगच दुसरं वाक्य पहिल्याच्या बरोबर खाली लिहा: 'इफ आय हॅड हॅड ॲन अंब्रेला, आय वुड हॅव गिव्हन इट टू यू.' "वरच्या आणि खालच्या वाक्यात कुठे काय वाढलं?" मुलं खडूने खुणा करतात: इकडे एक 'हॅड' जास्त, तिकडे 'हॅव' आणि 'गिव्हन'. "दोन्ही तुकडे मागे गेले की एकच?" दोन्ही. 'हॅड हॅड' पाहून वर्ग गोंधळत असेल तर आधी 'इफ आय हॅड सीन यू, आय वुड हॅव स्टॉप्ड' घ्या आणि छत्री नंतर आणा.

तुमचं दुसरं वाक्य, 'इफ आय हॅड मनी, आय वुड हॅव बॉट अ सायकल', थेट इथून आलंय. मुलाच्या मनात "पैसे असते तर सायकल घेतली असती" हे वाक्य आहे. "असते"ला त्याने 'हॅड' केलं आणि "घेतली असती"ला 'वुड हॅव बॉट'. मराठी वाक्याला ते इमानदारीने जागलं. त्यावर लाल रेघ मारण्याआधी विचारा, "सायकल आत्ता घ्यायची होती की तेव्हा? दुकानात ती अजून आहे का?" आत्ताची गोष्ट असेल तर 'वुड बाय'. आणि सावध राहा, कारण प्रत्येक वेळी हे वाक्य चूकच असतं असं नाही. मी कायमचा कडका आहे आणि मागच्या जत्रेत सायकल स्वस्तात मिळत होती, असं मुलाला म्हणायचं असेल तर अट आजची, परिणाम मागचा, आणि त्याचं वाक्य अगदी शुद्ध इंग्रजी आहे. न विचारता खोडलं तर बरोबर वाक्याला आपण चूक ठरवू.

तिसरा तास हुकलेल्या गोष्टींचा, आणि त्यासाठी क्रिकेटइतकं चांगलं साहित्य नाही. २०१९च्या विश्वचषकाची मँचेस्टरमधली उपांत्य लढत मुलांनी पाहिली नसली तरी तिची क्लिप बहुतेकांनी पाहिलेली असते. न्यूझीलंडच्या ८ बाद २३९ धावा, आपण २२१वर सर्वबाद, १८ धावांनी हार. आणि धोनी पन्नास धावांवर असताना मार्टिन गप्टिलच्या थेट फेकीने धावबाद. क्रीज अगदी थोडक्यात राहिली. फळ्यावर अर्धंच लिहा: 'इफ धोनी हॅड रीच्ड द क्रीज, इंडिया...'

"धोनी पोचला का?" नाही.
"आता काही करता येईल का?" नाही.
"भारत जिंकला का?" नाही.
"तो पोचला असता तर आपण जिंकलोच असतो का?"

शेवटच्या प्रश्नावर वर्गाचे दोन तट पडतात. पडू द्या. "नक्की जिंकलो असतो" म्हणणाऱ्यांना 'वुड हॅव वन' लागेल, "जिंकलोही असतो कदाचित" म्हणणाऱ्यांना 'माइट हॅव वन'. हा फरक तक्त्यात कधीच जिवंत होत नाही. इथे मुलांना तो हवा असतो, कारण त्यांचं स्वतःचं मत त्यावर अडलेलं असतं. मी प्रत्येक गटाला आपल्या मताचं एक वाक्य लिहायला लावतो आणि मग विचारतो, "या वाक्यावरून तुम्हाला किती खात्री आहे हे कसं कळतं?" मुलं 'वुड' आणि 'माइट'वर बोट ठेवतात.

वर्ग तयार असेल तर मिश्र वाक्यही, म्हणजे अट एका वेळेची आणि परिणाम दुसऱ्या वेळेचा असलेलं, इथेच घ्या. सोलापूर, इंदापूरकडच्या मुलांना भीमेवरचं उजनी धरण आणि पाण्याखाली गेलेलं जुनं पळसदेव माहीत असतं. पाणी खाली गेलं की तिथलं जुनं मंदिर उघडं पडतं. 'इफ द डॅम हॅड नॉट बीन बिल्ट, पीपल वुड स्टिल लिव्ह इन ओल्ड पळसदेव.' विचारा, "धरण कधी बांधलं, मागे की आत्ता?" मागे. "लोक तिथे राहतात की नाही, हे कधीचं बोलणं?" आत्ताचं. इफकडे 'हॅड नॉट बीन', दुसरीकडे साधं 'वुड लिव्ह'. दोन तुकड्यांना वेळेचा प्रश्न वेगवेगळा विचारला की मिश्र हा पाचवा प्रकार म्हणून शिकवायची गरजच उरत नाही. तुमच्या भागात जे धरण किंवा उठलेलं गाव असेल ते घ्या.

साठ मुलांचं काय, हा तुमचा प्रश्न रास्त आहे. प्रश्नोत्तराची पद्धत मोडते ती बहुधा दोन जागी. पहिली जागा म्हणजे सामुदायिक "हो". पुढच्या बाकावरची पाच मुलं ओरडतात, उरलेली ओठ हलवतात. यावर उपाय हातांचा: "शक्य" असेल तर उघडा पंजा, "शक्य नाही" किंवा "वेळ गेली" असेल तर मूठ, आणि सगळ्यांनी एकाच वेळी, मी टाळी वाजवल्यावर. एका नजरेत कळतं की मागच्या दोन रांगा कुठे आहेत. वेळेच्या प्रश्नाला बोट: मागे, खाली जमिनीकडे, पुढे. आठवी-नववीची मुलं सुरुवातीला लाजतात, मग त्यांना त्याची गंमत वाटू लागते.

दुसरी जागा म्हणजे आपली घाई. अमेरिकेतल्या मेरी बड रो यांनी विज्ञानाच्या वर्गांचं निरीक्षण करून १९७०च्या दशकात दाखवलं की प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी एक सेकंदच थांबतात. तोच थांबा तीन सेकंदांपर्यंत वाढवला तर मुलांची उत्तरं लांबतात, आणि जी मुलं एरवी बोलत नाहीत तीही बोलू लागतात. परक्या भाषेच्या वर्गात मुलाला प्रश्न समजून घ्यायचा, अर्थ लावायचा आणि मग शब्द शोधायचे असतात, म्हणून तीन सेकंदही कमीच पडतात. "हे 'हॅड' आपल्याला काय सांगतंय?" या प्रश्नानंतर तर खुशाल मनात दहा आकडे मोजा. शांतता आपल्याला खटकते, मुलांना ती लागते.

मुलाच्या उत्तरानंतर आपण काय म्हणतो, तिकडेही लक्ष हवं. सिंक्लेअर आणि कुल्थर्ड या भाषाभ्यासकांनी १९७५ साली वर्गातल्या बोलण्याचा जो आराखडा मांडला, तो आजही तसाच दिसतो: शिक्षकाचा प्रश्न, मुलाचं उत्तर, शिक्षकाचा शेरा. "बरोबर" किंवा "चूक" हा शेरा आला की विचार तिथेच संपतो. त्या तिसऱ्या जागी दुसरा प्रश्न ठेवा. मूल म्हणालं 'इफ इट रेन्ड टुमॉरो, वी विल नॉट प्ले', तर "चूक" म्हणू नका. विचारा, "आभाळ बघून सांग, उद्या पाऊस येईल का?" ते म्हणेल, "येईल, भरून आलंय." "मग तू तो लांबचा ठेवलास की जवळचा?" बहुतेक वेळा ते स्वतः 'रेन्स' म्हणतं. "येणार नाही, उगाच कल्पना केली" असं म्हणालं तर 'रेन्ड' ठेवू द्या आणि पुढचं 'विल' बघायला सांगा. दोन्ही वाटा बरोबर ठिकाणी पोचतात, आणि वाट मुलाने निवडलेली असते.

अर्थाचे प्रश्न मराठीत विचारायचे की इंग्रजीत, यावर प्रशिक्षणांत बरीच हुज्जत होते. माझा आग्रह मराठीचा आहे. "मैत्रीण अजून पावसात उभी आहे का?" हे इंग्रजीत विचारून जर अर्ध्या वर्गाला प्रश्नच कळला नाही, तर आपण कंडिशनल तपासत नाही, दुसरंच काहीतरी तपासतो. वाक्यं इंग्रजीत, मुलांची निर्मिती इंग्रजीत, अर्थाचा खल मराठीत. पुढे मुलं सरावली की 'नाऊ ऑर दॅट डे?', 'पॉसिबल?' असे छोटे प्रश्न इंग्रजीतून आपोआप येऊ लागतात.

मोठ्या वर्गात प्रश्नांतून इंग्रजी शिकवणं ही परदेशातून आणलेली चैन आहे, असं कोणी म्हणालं तर इंग्रजी अध्यापनाचे अभ्यासक एन. एस. प्रभू यांचा १९७९ ते १९८४ दरम्यानचा बंगलोर प्रकल्प आठवा. तो दक्षिण भारतातल्या सरकारी वळणाच्या साध्या शाळांत झाला. शिक्षक आधी संपूर्ण वर्गाला प्रश्न विचारत एखादं कोडं सोडवून घेत, रेल्वेचं वेळापत्रक वाचण्यासारखं, आणि मग तसंच दुसरं मुलांनी आपलं आपण सोडवायचं. व्याकरणाचे धडे त्यात नव्हते. प्रभूंइतकं टोकाला मी जात नाही. रूपाकडे मुलांचं लक्ष वेधावं लागतं असं मला ठामपणे वाटतं. पण वेळापत्रक मात्र मी आनंदाने उचललं आहे. तुमच्या एसटी स्टँडचं वेळापत्रक फळ्यावर लिहा आणि विचारा, "दहाला परीक्षेला पोचायचंय. कोणती गाडी घेतली तर काय होईल?" 'इफ वी टेक द एट थर्टी बस, वी विल रीच ॲट...' अशी दहा-बारा वाक्यं कंटाळा न येता होतात, कारण प्रत्येक वाक्याला कारण असतं.

तीन तासांनंतर प्रश्न विचारण्याचं काम मुलांकडे द्या. प्रत्येकाने स्वतःचं एक जर-तरचं वाक्य लिहायचं, शेजाऱ्याने त्याला दोनच प्रश्न विचारायचे: "हे होऊ शकतं का?" आणि "कधीचं?" उत्तर आणि वाक्य जुळत नसेल तर लिहिणाऱ्याने स्वतः दुरुस्त करायचं. वह्यांचा गठ्ठा तपासण्यापेक्षा हे जास्त काम करतं, कारण पुढे निबंध लिहिताना शेजारी नसला तरी ते दोन प्रश्न डोक्यात राहतात.

ऐकताना एक अडचण येते तीही सांगून ठेवतो. बोलीत 'आय वुड' आणि 'आय हॅड' दोन्हींचं 'आय'ड' होतं. "या 'ड'मागे कोण लपलंय?" असं विचारा आणि पुढचं क्रियापद बघायला लावा. मूळ रूप असेल तर 'वुड', तिसरं रूप असेल तर 'हॅड'. 'आय'ड गो' आणि 'आय'ड गॉन' शेजारी ठेवले की पुरे. 'इफ आय वर यू'बद्दल फार खोलात जाऊ नका. बोलताना इंग्रज लोक 'वॉज'ही म्हणतात, परीक्षेत 'वर' लिहायचं, एवढं सांगितलं की पुढे जा.

राहिला 'अनलेस', जो परीक्षेतल्या 'डू ॲज डायरेक्टेड' (सूचनेप्रमाणे वाक्य बदला) या प्रश्नात हमखास डोकावतो. मुलं 'अनलेस यू डोन्ट स्टडी, यू विल नॉट पास' लिहितात, कारण मनात "अभ्यास केला नाहीस तर" असतं. त्याऐवजी "केल्याशिवाय" हे मराठी रूप समोर ठेवा: "तिकीट काढल्याशिवाय आत सोडत नाहीत." विचारा, "'काढल्याशिवाय'मध्ये वेगळा 'नाही' लिहिलाय का?" नाही. "पण अर्थात आहे का?" आहे. मग 'अनलेस यू बाय अ टिकेट, दे विल नॉट लेट यू इन' दाखवा आणि विचारा, "'अनलेस'च्या तुकड्यात 'नॉट' लागेल का?" इफ आणि अनलेसची अदलाबदल परीक्षेला येते, म्हणून ती तेवढी घोटवून घ्या. परीक्षेच्या तयारीला तक्ताही जरूर द्या, पण तिसऱ्या तासानंतर, आणि तो कोरा द्या. रकान्यांना झिरो, फर्स्ट, सेकंड, थर्ड अशी नावं नकोत. "होऊ शकतं", "आत्ता नाही", "तेव्हा झालं नाही" अशी तीन नावं लिहा, आणि वाक्यं मुलांनी आपापल्या वहीतली भरायची.